कुठल्या पेठेतला?



संयोजकांनी मला एवढंच सांगितलंय, ‘सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून दे.’ एकत्र शिकलेल्यांची कसली ओळख करून द्यायची, असं वाटलं होतं. पण सकाळी बघितलं, तर दोन वर्गमित्र शेजारी बसून चहा पीत होते आणि नाव आठवेना म्हणून दोघंही गप्प!

खरं तर कोल्हापुरात बोलायला निमित्त लागत नाही. ‘कुठल्या पेठेतला?’ हा पहिला प्रश्न. मग ‘तालीम कुठली?’ मग ‘पाटाकडील की दिलबहार?’ पाचव्या मिनिटाला वाद, दहाव्याला मिसळ.

आठवीत राधानगरीकडून आलेल्या एका मुलालाही आपण हेच विचारलं होतं. तो खोली घेऊन राहायचा. त्याला ना पेठ, ना तालीम. तो गप्प राहिला आणि आपणही पुढं काही विचारलं नाही. तीन वर्षं तो माझ्या मागच्याच बाकावर होता. मी त्याची कुणाशी ओळख करून दिली नाही. त्याच्या गावाचं नाव मला आज सकाळी कळलं. तो आलाय, समोरच बसलाय. मित्रा, चुकलंच आमचं.

आणि हे कुठल्या गावात? जिथं शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला. दलित माणसाच्या हातचा चहा नाकारणाऱ्यांना त्यांनी भाषण दिलं नाही. कप पुढं केला. ओळख करून देणं म्हणजे तेच. ज्याचा वट आहे, त्यानं आधी थांबायचं.

म्हणून आज एवढंच करूया. ओळख करून देताना नुसतं नाव नको, एखादा धागाही द्या : ‘ह्याचा ऊस आहे, तुझाही आहे, बोला दोघं.’ ‘सध्या काय करतोस?’ हे आधी नको; कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं घर विस्कटलेलं असतं. ‘जेवलास काय?’ पुरतं.

आता जेवणाची पंगत आहे. तांबडा-पांढरा सगळ्यांना सारखाच मिळेल. फक्त नेहमीच्या दोस्ताशेजारी बसू नका. ज्याच्याशी दहावीपर्यंत एकदाही बोलला नाहीत, त्याच्या शेजारी बसा. मी माझी जागा धरून ठेवलीय, राधानगरीकराच्या शेजारी.