मातीचे धरण आणि माणसांची जबाबदारी



धरण फुटले की 'निसर्गाचा प्रकोप' आणि 'अभूतपूर्व पाऊस' हे दोन शब्दप्रयोग तातडीने पुढे केले जातात. त्यांची सोय अशी की निसर्गावर खटला भरता येत नाही. म्हणूनच मातीचे धरण कसे फुटते हे समजून घेणे केवळ अभियंत्यांचे काम नव्हे. धरणाखाली राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा तो हक्क आहे.

मातीचे धरण म्हणजे नुसता ढिगारा नव्हे. मध्यभागी पाणी अडवणारा चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण, गाभ्यामागे झिरपणारे पाणी जाऊ देणारी पण मातीचा कण अडवणारी वाळू-खडीची गाळणी आणि पुराचे जादा पाणी सोडून देणारा सांडवा, अशी त्याची रचना असते. या धरणावर मृत्यू मुख्यतः दोन वाटांनी येतो. सांडवा अपुरा पडला, तर पाणी माथ्यावरून वाहू लागते. दगडी धरण अशा वेळी काही काळ तग धरते, माती मात्र काही तासांत वाहून जाते. दुसरी वाट आतली. विमोचकाच्या नळाभोवती किंवा पायाशी दोष राहिला, तर झिरपा आपल्याबरोबर माती घेऊन बाहेर पडतो आणि पोटात पोकळी वाढत जाते. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना असे गेले. सकाळी गढूळ झरा दिसला आणि दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरण फुटले.

आता आपल्याकडचा इतिहास पाहावा. आंबी नदीवरील पानशेत धरण १९६२ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. परंतु १९६१ च्या पावसाळ्यातच त्यात पाणी साठवण्याचा निर्णय झाला. विमोचकाचे काम अपुरे होते आणि त्याच्या नळाच्या बांधकामात पोलाद वापरलेले नव्हते. नळावरील भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूच्या गोण्या रचून रात्रभर झुंज दिली, तरी १२ जुलैच्या सकाळी धरण गेले. त्याच दिवशी खालचे एकोणिसाव्या शतकातील खडकवासला धरणही फुटले. मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो कुटुंबे उघड्यावर आली आणि पुण्याचा पाणीपुरवठाही तुटला. चौकशीचे काम बावडेकर आयोगाकडून नाईक आयोगाकडे गेले. पूरग्रस्तांच्या वसाहतींतील जागांच्या मालकीचा प्रश्न मात्र पुढे अनेक दशके रेंगाळला.

मोरबीची कथा सांडव्याची आहे. सौराष्ट्रातील मच्छू-२ धरणाचा दगडी सांडवा सेकंदाला सुमारे ५,६०० घनमीटर पाणी सोडण्याच्या हिशेबाने बांधलेला होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजी त्याच्या जवळजवळ तिप्पट पूर आला. सांडवा उभा राहिला, त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले आणि काही किलोमीटरवरील मोरबी शहर बुडाले. मृतांची संख्या दोन हजारांच्या आसपासपासून पंचवीस हजारांपर्यंत सांगितली जाते; माणसे मोजण्याचीही निश्चिती नसावी, यातच सारे आले. नेमलेला चौकशी आयोग काम पूर्ण होण्यापूर्वीच गुंडाळण्यात आला. पुढे धरण पुन्हा बांधताना सांडव्याची क्षमता कित्येक पटींनी वाढवण्यात आली. म्हणजे चूक कळली होती. ती कोणाची, एवढेच ठरवायचे नव्हते.

आणि हे सारे जुने झाले असेही नव्हे. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. खालच्या भेंदवाडीत वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. त्यावर तेव्हाच्या मंत्रिमहोदयांनी दोष दिला तो खेकड्यांना! खेकडे धरण पोखरतात असे घटकाभर मानले, तरी ती बिळे पाहून बुजवण्याची जबाबदारी खेकड्यांची नसते.

या तीन घटनांमधील पाणी वेगळे, माती वेगळी. सूत्र मात्र एक आहे. घाईचा निर्णय कोणीतरी घेतो, पुराचा हिशेब कोणीतरी तोकडा धरतो, तक्रार कोणीतरी फायलीत दाबतो आणि किंमत मोजतो तो नदीकाठचा माणूस. त्यातही ज्याला उंचावर जागा घेणे परवडत नाही, त्याचे घर सर्वांत आधी जाते.

धरण सुरक्षितता कायदा २०२१ मध्ये संमत झाला. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा यांचे बंधन त्याने घातले आहे. परंतु दहा मीटर वा त्याहून कमी उंचीचे तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि कक्षेत आलेल्या धरणांचे आराखडेही कपाटात राहिले तर गावाला त्यांचा उपयोग नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील धरणाच्या तपासणीचा अहवाल आणि पूररेषेचा नकाशा लेखी अर्ज करून मागावा व तो ग्रामसभेत वाचावा. पावसाळ्याआधी बांधावर जाऊन पाहावे: खालच्या उतारावर ओल आहे का, माथा कोठे खचला आहे का, सांडव्यात झाडोरा माजला आहे का. झिरपा स्वच्छ असेल तर नोंद ठेवावी. तो गढूळ झाला तर क्षणाचाही विलंब न लावता अधिकाऱ्यांना कळवावे आणि वस्ती हलवण्याचा आग्रह धरावा. धरणांना विरोध करण्यासाठी हे करावयाचे नाही. लोकांच्या पैशातून उभे राहिलेले धरण लोकांच्या नजरेखाली असावे, एवढीच ही मागणी आहे. आणि लोकशाहीत ती मोठी मानली जाऊ नये.