यंत्राला प्रश्न कसा विचारावा?



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटण्याचा संभव आहे. पायथॉन नांवाच्या संगणकभाषेंत लिहिलेली आज्ञावली आणि माहितीचा सांठा करणारा डेटाबेस यांच्यामध्यें प्रश्न मांडणारा एक थर असतो; तो कसा रचावा, हा तो विषय. आपल्यापैकीं बहुतेकांना असा थर कधींच रचावयाचा नाहीं, हें मी जाणून आहें. परंतु शाळेच्या दाखल्यापासून रुग्णालयाच्या नोंदीपर्यंत आपलें नांव आज कोणत्या ना कोणत्या कोष्टकांत लिहिलेलें असतें, आणि तें वेळेवर सांपडेल कीं नाहीं हें पुष्कळदां या थराच्या रचनेवर अवलंबून राहतें. शिवाय प्रश्न विचारणें हा माझा जन्माचा धंदा. सेवानिवृत्तीनंतर हौसेनें पायथॉन शिकतांना तोच धंदा मला निराळ्या रूपानें भेटला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहें. तेव्हां पंडिती परिभाषा बाजूस ठेवून खडू-फळ्याच्या पद्धतीनेंच हा विषय आपणांपुढें मांडतों.

माहिती ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली कोष्टकाची. शाळेचें रजिस्टर डोळ्यांपुढें आणा: प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, आणि नांव, इयत्ता, गुण, पालकांचें उत्पन्न असे रकाने. अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनीं १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध करून अशा कोष्टकांना गणिताचा भक्कम पाया दिला. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा सुचविली. तिचें नांव सीक्वेल. पुढें व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळें तें आखडून एसक्यूएल झालें, आणि १९८६ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाण रूप ठरविण्यांत आलें. 'अमुक रकाने निवडा, अमुक कोष्टकांतून, जेथें अमुक अट पुरी होते,' अशी तिची वाक्यरचना आहे.

दुसरी रीत वस्तूंची. गिडो व्हॅन रॉसम यांनीं ॲमस्टरडॅम येथें रचून १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथॉन भाषेंत विद्यार्थी ही एक वस्तु असते. तिला गुण असतात, वर्ग असतो, वर्गाला शिक्षक असतात. एका वस्तूचा हात धरून दुसरीपर्यंत जावयाचें. या दोन रीतींचा सांधा जुळविणाऱ्या आज्ञावलीला मॅपर म्हणतात. २००५ सालीं लोकांच्या हातीं आलेल्या जँगोमधील मॅपर आणि २००६ सालचा एसक्यूएल-अल्केमी हे पायथॉनमधील दोन प्रसिद्ध मॅपर होत. कोष्टकांतील ओळ उचलून तिची वस्तु बनविणें हें त्यांचें सोपें काम. कठीण काम आहे तें प्रश्न मांडण्याचें.

अगदीं भोळी रीत अशी कीं, अक्षराला अक्षर जोडून एसक्यूएलचें वाक्य तयार करावें. 'जेथें नांव बरोबर' इतकें लिहावें, पुढें एक अवतरणचिन्ह, मग मुलाचें नांव, मग पुन्हां अवतरणचिन्ह. कुळकर्णी, पाटील, शेख येईपर्यंत सर्व सुरळीत चालतें. मग गोव्याकडील डिसोझा आडनांवाची एक मुलगी शाळेंत दाखल होते. रोमन लिपींत या आडनांवाच्या पहिल्या अक्षरापुढें एक एकेरी चिन्ह असतें. यंत्राला वाटतें कीं नांव तेथेंच संपलें. उरलेला 'सोझा' त्याला आज्ञेचा भाग वाटतो, आणि तें अडून बसतें. बिचाऱ्या मुलीचा दोष इतकाच कीं, तिचें नांव बरोबर लिहिलें आहे!

ही झाली निष्पाप नांवाची गोष्ट. कोणी कपटी मनुष्य नांवाच्या जागीं मुद्दामच तें चिन्ह घालून पुढें 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाचे शब्द लिहूं शकतो. एक बरोबर एक ही अट प्रत्येक ओळीला लागू पडते. म्हणून एका विद्यार्थ्याच्या नोंदीऐवजीं सगळें रजिस्टर त्याच्यापुढें उघडें होतें. या चोरवाटेला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

उपाय साधा आहे. वाक्य वेगळें पाठवावें आणि त्यांत भरावयाच्या किंमती वेगळ्या पाठवाव्या. वाक्यांत नांवाच्या जागीं नुसतें प्रश्नचिन्ह ठेवावें. मग यंत्र वाक्याचा अर्थ लावतें तो त्या चिन्हापुरता. नांव कसेंही असलें तरी तें आज्ञा होऊं शकत नाहीं. पायथॉननें डेटाबेसशीं कसें बोलावें याचे नियम १९९९ सालच्या २४९ क्रमांकाच्या प्रस्तावांत ठरले आहेत, आणि ही सोय त्यांत आहे. मात्र अशी मोकळी जागा किंमतींसाठींच असते. रकान्याचें किंवा कोष्टकाचें नांव तींतून पाठवितां येत नाहीं. म्हणून आपले रकाने कोणते हें थराला स्वतःला ठाऊक असावें, आणि अनोळखी नांव त्यानें दारांतूनच परत पाठवावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. अंकगणितांत 'तीन अधिक दोन' म्हटलें कीं आपण लगेच पांच म्हणतों. बीजगणितांत 'क्ष अधिक दोन' म्हटलें तर तें तसेंच राहतें. क्षची किंमत कळेपर्यंत आपण ती पदावली जपून ठेवतों. 'गुण साठांहून अधिक आहेत काय?' असें पायथॉनला विचारलें, तर ती अंकगणिताच्या वृत्तीनें तत्काळ होय किंवा नाहीं म्हणूं पाहते. आपल्याला तर येथें बीजगणित हवें आहे; प्रश्न उत्तरावांचून जपून ठेवावयाचा आहे.

सुदैवानें पायथॉनमध्यें ही तजवीज आहे. बरोबर, अधिक, उणें, लहान, मोठें या प्रत्येक चिन्हामागें एक विशेष कृति असते, आणि आपण घडविलेल्या वस्तूसाठीं ती कृति आपल्याला नव्यानें सांगतां येते. म्हणून 'गुण' या रकान्याची एक वस्तु बनवावी आणि तिला शिकवावें कीं, 'तुझी कोणी साठांशीं तुलना केली तर होय-नाहीं म्हणूं नकोस. एक चिठ्ठी करून दे.' त्या चिठ्ठींत तीन गोष्टी असतात: डावीकडे गुण हा रकाना, मध्यें तुलनेचें चिन्ह, उजवीकडे साठ ही किंमत. अशा दोन चिठ्ठ्या 'आणि'नें जोडल्या कीं तिसरी, मोठी चिठ्ठी होते. संयुक्त वाक्याचें पृथक्करण करतांना आपण प्रथम उभयान्वयी अव्यय शोधतों, मग दोहों बाजूंचीं केवल वाक्यें, मग प्रत्येकांतील उद्देश्य आणि विधेय. प्रश्नाचा हा वृक्ष अगदीं तसाच असतो.

शेवटीं एक भाषांतरकार या वृक्षावरून फिरतो आणि दोन गोष्टी हातीं देतो: प्रश्नचिन्हें असलेलें एसक्यूएलचें वाक्य, आणि त्याच क्रमानें किंमतींची यादी. डिसोझा हें नांव वाक्यांत कधीं शिरतच नाहीं. दुसराही लाभ आहे. 'पहिल्या दहा ओळी द्या' हें सांगण्याची रीत एसक्यूलाइटमध्यें एक, तर मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्यें दुसरी. प्रश्न वृक्षरूपानें ठेवला असेल तर केवळ भाषांतरकार बदलावा लागतो. प्रश्न तोच राहतो.

परंतु याच ठिकाणीं पाय घसरण्याची जागा आहे. तुलनेच्या चिन्हांना पायथॉनमध्यें नवा अर्थ देतां येतो. 'आणि', 'किंवा', 'नाहीं' यांच्यासाठीं असलेल्या अँड, ऑर, नॉट या शब्दांना तो देतां येत नाहीं. हे शब्द समोरच्या वस्तूला एकच विचारतात: 'तूं खरी कीं खोटी?' आणि जिला याचें उत्तर शिकविलेलें नसतें, ती साधारणतः खरीच धरली जाते. म्हणून अटी जोडण्यासाठीं अँपरसँड आणि उभी रेघ हीं चिन्हें वापरतात. हीं चिन्हें तुलनेच्या चिन्हांआधीं सोडविलीं जातात; यासाठीं प्रत्येक अट कंसांत घालावी लागते.

आतां एक शिष्यवृत्ति कल्पा. साठ किंवा अधिक, पण पंचाहत्तरांहून कमी गुण मिळविणाऱ्या मुलांची यादी हवी आहे. गणितांत आपण साठ, गुण आणि पंचाहत्तर एकाच ओळींत लिहून मध्यें दोन चिन्हें घालतों. पायथॉनही अशी ओळ आनंदानें स्वीकारते. पण आंतून ती दोन तुलनांमध्यें अँड घालूनच ती ओळ वाचते. पहिली चिठ्ठी 'खरी' ठरून टाकून दिली जाते, आणि डेटाबेसकडे पोहोंचते ती दुसरीच: पंचाहत्तरांहून कमी. पस्तीस गुणांचा मुलगाही यादींत येऊन बसतो. यंत्र कुरकुर करीत नाहीं, तांबडा दिवा लागत नाहीं. यादी सुबक छापून येते.

यास्तव, 'तूं खरी कीं खोटी?' असें अटीच्या चिठ्ठीला विचारलें असतां तिनें उत्तर साफ नाकारावें आणि काम तेथेंच थांबवावें, अशी योजना थर रचणाऱ्यानें केली पाहिजे. एसक्यूएल-अल्केमीनें ती केलेली आहे. प्रश्न समजला नाहीं म्हणून हात वर करणारा मुलगा मला नेहमींच, समजल्याचा आव आणून भलतें उत्तर देणाऱ्यापेक्षां अधिक आवडे. यंत्राकडूनही माझी तीच अपेक्षा आहे.

याहून नाजूक गोष्ट कोऱ्या रकान्याची. पालकांनीं उत्पन्नाचा दाखला अजून आणून दिला नसेल तर तो रकाना कोरा राहतो. एसक्यूएलमध्यें त्याला नल म्हणतात. कोरें म्हणजे शून्य नव्हे. कोऱ्याशीं तुलना केली तर उत्तर होय नसतें आणि नाहींही नसतें. तें 'अज्ञात' असतें. समजा, उत्पन्नाची मर्यादा दोन लाखांची आहे. एक यादी केली, उत्पन्न दोन लाखांहून अधिक असणाऱ्यांची. दुसरी केली, त्याच अटीच्या नकाराची. व्यवहारबुद्धि म्हणते, प्रत्येक मूल या दोहोंपैकीं एका यादींत असलेंच पाहिजे. परंतु अज्ञाताचा नकारही अज्ञातच. म्हणून कोऱ्या रकान्याचें मूल दोन्ही याद्यांत नसतें. तें पात्र ठरलें नाहीं, अपात्रही ठरलें नाहीं. तें नाहींसेंच झालें. आणि दाखला वेळेवर न आणणारें मूल बहुधा कोणाचें असतें? ज्याच्या बापाला एका दिवसाची मजुरी बुडवून तहसील कचेरींत खेटे घालणें परवडत नाहीं त्याचें.

येथें थराचें कर्तव्य दुहेरी आहे. 'उत्पन्न बरोबर कोरें' असें कोणी लिहिलें, तर त्याचें भाषांतर 'उत्पन्न कोरें आहे' या स्वतंत्र रचनेंत केलें पाहिजे. कारण एसक्यूएलमध्यें 'बरोबर नल' ही अट कधींच पुरी होत नाहीं. आणि कोऱ्या नोंदींची तिसरी यादी काढण्याची वाट त्यानें उघड व सोपी ठेवली पाहिजे. त्या मुलांचें काय करावयाचें हें माणसांनीं ठरवावें. थरानें तीं मुलें दिसूं द्यावीं.

प्रश्न केव्हां विचारावा, हा शेवटचा मुद्दा. चांगला थर प्रश्न मांडला जात असतां डेटाबेसकडे धांवत नाहीं. 'दहावीचे विद्यार्थी' हा एक प्रश्न. त्याला गुणांची अट जोडली कीं नवा प्रश्न तयार व्हावा आणि जुना जसाच्या तसा राहावा. मूळ कित्ता जपून त्यावरून प्रती काढाव्या, तसें हें आहे. असें न केल्यास एका यादीची अट नकळत दुसऱ्या यादींत झिरपते. उत्तरें एकामागून एक हातीं घेण्याची वेळ आली म्हणजेच प्रश्न रवाना व्हावा. जँगोची रीत हीच आहे.

मात्र सोयीबरोबर खर्चही लपतो. चाळीस विद्यार्थी एका प्रश्नांत मिळाले. मग प्रत्येकाच्या वर्गशिक्षकाचें नांव छापावयाचें आहे. लिहिणाऱ्याला तो एकच शब्द दिसतो, पण त्या शब्दामागें दर वेळीं डेटाबेसकडे एक खेप होते. एक आणि चाळीस, मिळून एकेचाळीस खेपा! चाळीस कागदांसाठीं शिपायाला कचेरींत चाळीस वेळां पिटाळणारा हेडमास्तर आपण शहाणा म्हणणार नाहीं. शिक्षकांचीं नांवें पहिल्याच प्रश्नांत जोडून मागावीं, किंवा सर्वांसाठीं मिळून दुसरा एकच प्रश्न करावा; जँगोमध्यें या दोन्ही सोयी आहेत. आणि थरानें आपलें एसक्यूएल वाक्य व खेपांची संख्या विचारणाऱ्याला दाखविली पाहिजे. जो हिशेब दाखवीत नाहीं, त्याच्या काटकसरीवर विश्वास कसा ठेवावा?

या सर्वांचें सार असें. प्रश्नाला शेवटपर्यंत प्रश्नच राहूं द्यावें. त्यांतील किंमती त्याच्या शब्दांत मिसळूं नयेत, त्याचा अर्धा भाग गुपचूप गळूं देऊं नये, आणि जो समजला नाहीं तो समजला असें दाखवूं नये. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी पायथॉन शिकत असेल तर एसक्यूलाइटशीं बोलण्याची सोय २००६ सालापासून त्या भाषेबरोबरच मिळते. वेगळा खर्च नाहीं. तिनें असा एखादा लहानसा थर रचला, तर त्याची परीक्षा घेण्यास आपणांला एसक्यूएल येण्याची गरज नाहीं. तीनच गोष्टी करून पाहा. एक, रोमन लिपींतील डिसोझा हें नांव शोधावयास सांगा. दुसरी, साठ आणि पंचाहत्तर यांच्यामधील गुण एकाच ओळींत विचारा. तिसरी, एका मुलाचें उत्पन्न कोरें ठेवा आणि दोन्ही याद्यांतील नांवें मोजा. बेरीज पटाशीं जुळली नाहीं, तर तें एक मूल कोठें गेलें, एवढेंच विचारा.