नौकेमागची लाट



माल उतरून रिकामे झालेले गलबत समुद्रात कलंडू नये, म्हणून कोकणचे तांडेल त्याच्या तळाशी दगडांचे नीरम भरीत. वजन घालावयाचे ते तोल सांभाळण्यासाठी. अमेरिकेतील सरोवरांवर मात्र विहारनौकांत वजन भरतात ते मागची लाट मोठी व्हावी म्हणून!

मिनेसोटा राज्यातील पेपिन सरोवरावर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन ह्या तरुणाने पायांत फळ्या बांधून, नौकेचा दोर धरून पाण्यावर घसरण्याचा प्रयोग यशस्वी केला. त्या खेळाला सपाट पाणी बरे. पुढे एकाच फळीवर उभे राहून लाटेवरून उसळण्याचा, आणि दोर सोडून नुसत्या लाटेच्या रेट्यावर तरंगत जाण्याचा खेळ निघाला; लाट हेच मैदान झाले.

ती वाढविण्याचे उपाय दोन. नौकेत पंपाने भरावयाच्या पाण्याच्या पिशव्या ठेवतात. किंवा मागील बाजूस खालीवर होणारी धातूची झडप बसवितात. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत. वजन वाढले, नौका खोल बसली, की लाट उंचावते.

परंतु ४०० लिटरची पिशवी म्हणजे ४०० किलो. सहा माणसांचे ओझे. नौकेच्या भारमर्यादेतून ते वजा केलेच पाहिजे. अर्धवट भरलेल्या पिशवीतील पाणी वळणावर एका अंगाला धावते. मागचा भाग फार दबला तर नाक वर उचलले जाते व चालकास समोरचे दिसत नाही. नौकेच्या पाठीशी लगटून खेळणाऱ्यास उघड्या पंख्याचे भय असते आणि धुरातील विषारी वायूचेही. म्हणून पंखा मागे बाहेर असलेल्या नौकेमागे हा दोरावाचूनचा खेळ खेळूच नये.

शिवाय लाट दुप्पट उंच झाली की तिची शक्ती चौपट होते. ती काठची माती ढासळविते, उथळ तळ ढवळते. सामान्य नौकेची लाट २०० फुटांवर जितकी ओसरते, तितके ओसरण्यास ह्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते, असे मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ साली मोजून दाखविले. व्हरमाँट राज्याने २०२४ साली किनाऱ्यापासून ५०० फूट अंतर आणि २० फूट खोली ह्यांचे बंधन घातले.

खेळ अवश्य खेळावा. मात्र पिशवी भरण्यापूर्वी नौकेची भारमर्यादा वाचावी, आणि लाट उठविण्यापूर्वी काठ किती दूर आहे तेही पाहावे. त्या काठावर दुसऱ्या कोणाची तरी होडी बांधलेली असते.