नाथसागरात गाळ येतो कुठून?



पैठणचं जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं.
त्याच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, गोदावरी पाण्याबरोबर गाळही आणते.
गाळ वाढला, की पाण्याची जागा घटते.

हा गाळ शेतांतून येतो.
नदीच्या ढासळत्या काठांतूनही येतो.

काठ ढासळतो कसा?
पुराचं पाणी काठाचा पायथा कोरतं.
पूर ओसरतो.
पाण्याचा आधार जातो...
आणि भिजून जड झालेली काळी माती कोसळते.
गंमत पाहा, पुष्कळदा पूर असताना नाही, तो उतरल्यावर!
वाळूउपशाने पात्र खोल गेलं असेल, तर काठ आणखी लवकर खचतो.

म्हणून आधी पायथा सांभाळायचा.
तिथे जाळीत भरलेले दगड रचतात.
वरचा उतार सौम्य करतात.
मग त्यावर वाळा, बांबू, करंज, निर्गुडी.
वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, पुरुषभर खोल.
ती माती धरून ठेवतात.

पुन्हा सांगते...
आधी पायथा, मग झाडं.
पायथा कोरला गेला, तर झाडंही वाहून जातात.

शेतकरी बंधू-भगिनींनो,
नांगर अगदी काठापर्यंत नेऊ नका.
काठालगत गवताचा पट्टा राहू द्या.
आणि नवी लागवड रुजेपर्यंत तिथे गुरं सोडू नका.