हायड्रोकार्बनांची घडण

शहरांतील एका घरीं स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरांतून येतो, तर शेजारच्या घरीं तो नळानें येतो. दोन्ही शेगड्यांवर ज्योत सारखीच निळी दिसते आणि दोन्ही वायु कार्बन व हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले आहेत. तथापि गळती झाल्यास नळाचा वायु छताकडे चढतो आणि सिलिंडरांतील वायु जमिनीलगत पसरतो. घटक तेच असतां वर्तन भिन्न कां, या प्रश्नाचें उत्तर रेणूंच्या घडणींत आहे. या दोन मूलद्रव्यांखेरीज ज्यांत तिसरें कांहींच नसतें अशा संयुगांस हायड्रोकार्बन म्हणतात, आणि त्यांचें सारें शास्त्र म्हणजे या एका उत्तराचा विस्तार होय.

कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत व हायड्रोजनला एकच आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. १८५८ सालीं केकुले व कूपर या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें असें प्रतिपादन केलें कीं, कार्बनचे अणु चार बंधांनीं जोडले जातात, इतकेंच नव्हे तर एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्याही रचतात. एका कार्बनभोवतीं चार हायड्रोजन आले कीं मिथेन झाला. इटलींतील माज्जोरे सरोवराच्या कांठीं चिखलांतून निघणारे या वायूचे बुडबुडे व्होल्टा यानें १७७६ सालीं गोळा केले होते. मुंबईंत आज नळानें येणारा वायु मुख्यत्वें हाच आहे.

मिथेनचा रेणुभार १६ आणि हवेचा सरासरी सुमारें २९. म्हणून तो वर जातो. तीन कार्बनांचा प्रोपेन ४४ भाराचा व चार कार्बनांचा ब्युटेन ५८ भाराचा. हे दोघे दाबानें द्रवरूप करून सिलिंडरांत भरलेले असतात, आणि हवेहून जड असल्यामुळें ते खालीं सांचून राहतात. स्वतःचा असा लक्षांत येण्याजोगा वास त्यांना नाहीं. म्हणून एथिल मरकॅप्टन हें उग्र गंधाचें द्रव्य त्यांत मुद्दाम मिसळतात. तो वास येतांच रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या आणि विजेच्या बटनास हात लावूं नये.

साखळी वाढत गेली म्हणजे वायूचा द्रव होतो व द्रवाचा घन होतो. पेट्रोल, रॉकेल आणि मेणबत्तीचें मेण हीं या वाढत्या साखळीचींच रूपें. ज्या साखळींत सर्व बंध एकेरी असतात त्या संयुगांना अल्केन किंवा संपृक्त हायड्रोकार्बन म्हणतात. त्यांचें जुनें नांव पॅराफिन. मूळ लॅटिन शब्दांप्रमाणें त्याचा अर्थ ‘ज्याला फारशी आसक्ति नाहीं असा’. जळण्याखेरीज इतर रासायनिक व्यवहारांत हे पदार्थ खरोखरच उदासीन असतात.

परंतु केवळ अणूंची मोजदाद करून भागत नाहीं. ब्युटेनचे चार कार्बन एका ओळींत असले तर तो उणें अर्ध्या अंशास उकळतो. एक कार्बन मधल्यास फांदीसारखा जोडला तर सुमारें उणें बारा अंशांस. अशा जोडीला समघटक म्हणतात. मोटारीच्या एंजिनांत हा भेद फारच महत्त्वाचा ठरतो. सरळ साखळीचें ऑक्टेन अवेळीं पेट घेऊन ठोके देतें. पण त्याचाच एक शाखायुक्त समघटक इतका शांतपणें जळतो कीं, पेट्रोलची प्रत मोजतांना त्यालाच शंभर अंक दिलेला आहे.

आतां दोन कार्बन घ्यावे. त्यांच्याशीं सहा हायड्रोजन असले तर ईथेन, चार असले तर एथिलीन व दोनच असले तर अ‍ॅसिटिलीन. हायड्रोजन कमी झाले कीं कार्बनांतील बंध अनुक्रमें दुहेरी व तिहेरी होतो, आणि रेणूची उदासीनता संपते. एथिलीनचे रेणु एकमेकांस जोडले म्हणजे पॉलिथीन तयार होतें. आंबाही पिकतांना एथिलीन सोडतो. म्हणूनच अढींतील एक फळ पिकलें कीं शेजारचींही पिकूं लागतात. कांहीं व्यापारी हें काम कॅल्शियम कार्बाइडकडून करवितात. ओलावा लागतांच त्यांतून अ‍ॅसिटिलीन निघतो व तो एथिलीनची नक्कल करतो. परंतु बाजारी कार्बाइडांत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात. म्हणून भारतांत फळें पिकविण्यासाठीं त्याचा वापर निषिद्ध आहे. एथिलीन वायूचा वापर मात्र ठरलेल्या मर्यादेंत चालतो.

शेवटचा वर्ग वलयांचा. फॅरडे यानें १८२५ सालीं दिव्यांच्या वायूच्या टाक्यांत सांचलेल्या तेलकट द्रवांतून बेंझीन वेगळें केलें. सहा कार्बन आणि सहाच हायड्रोजन, हें गणित साखळीच्या हिशेबांत बसेना. १८६५ सालीं केकुले यानें साखळीचीं दोन्ही टोकें जुळवून षट्कोन सुचविला, आणि १९२९ सालीं कॅथलीन लॉन्सडेल या विदुषीनें क्षकिरणांच्या साह्यानें बेंझीनच्या एका संयुगांतील तो षट्कोन सपाट असल्याचें दाखविलें. त्यांतील साही बंध सारखे असून ते एकेरीही नाहींत व दुहेरीही नाहींत. म्हणून हें वलय सहसा मोडत नाहीं. बेंझीनचा सततचा संसर्ग रक्ताचा कर्करोग उत्पन्न करतो, आणि म्हणूनच पेट्रोलमधील त्याच्या प्रमाणावर शेंकडा एक अशी मर्यादा आहे.

अशीं दोन वलयें एका बाजूनें जोडलीं म्हणजे नॅफ्थॅलीन होतें. दगडी कोळशाच्या डांबरांतून तें मिळूं लागलें, म्हणून घरोघरीं त्याला डांबरगोळी हें नांव पडलें. कपाटांतील कसर तिनें जाते. पण जी-सिक्स-पीडी नांवाच्या एन्झाइमची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकांच्या तांबड्या रक्तपेशी तिच्या वाफेनें फुटूं शकतात. ही उणीव वरून दिसत नाहीं. यासाठीं तान्ह्या मुलांच्या कपड्यांत डांबरगोळ्या मुळींच ठेवूं नयेत; ठेवल्याच असतील तर कपडे धुऊन व उन्हांत चांगले वाळवूनच अंगावर घालावे.