अर्ध्या पैशाचा हिशेब



टिळकवाडीतल्या एखाद्या जुन्या घरी आजोबांची जमाखर्चाची वही अजून जपलेली असेल, तर तिच्यातले एप्रिल १९५७ चे पान जरूर उघडून पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, खिशातला पैसाही बदलला. चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले खरे; पण पाव नव्या पैशाचे नाणे कोठून आणावे?

म्हणून कोष्टक ठरले : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. वास्तविक दोन आण्यांचे साडेबारा व्हायचे. परंतु अर्धा किंवा त्याहून कमी अंश सोडावा, अधिक असेल तर पुढचा पैसा धरावा, असा नियम होता. आता दोन आण्यांच्या दहा वस्तू एकेक करून विकल्या, तर दुकानदाराच्या हाती १२० नवे पैसे येत. एकदम विकल्या तर वीस आण्यांचे १२५. पाच पैसे कोणी खाल्ले नव्हते. ते वाटेतच गळाले होते.

आज टिळकवाडीतला दुकानदारही आपला माल संकेतस्थळावर मांडतो आणि बिल संगणक करतो. तेथे एक गंमत घडते. १.००५ रुपये ही रक्कम जवळच्या पैशाला आणा, असे जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत सांगितले, तर उत्तर १.०१ यावे, येते १.००. यंत्र बिघडलेले नसते. ते अपूर्णांक लिहिते ते अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश अशा निमपटीच्या तुकड्यांनी. एकतृतीयांश आपल्याला दशांशात जसा संपवता येत नाही, तसा १.००५ त्याला या तुकड्यांत संपवता येत नाही. ते त्याच्या अगदी लगतचा आकडा धरते, आणि तो १.००५ हून केसभर कमी असतो. अर्ध्याला केसभर कमी पडले की तो अंश गेला! विनोद असा की, आपला जुना आणा या यंत्राला चोख लिहिता येतो, कारण तो रुपयाचा सोळावा भाग. शंभराव्या भागाचा पैसा मात्र येत नाही.

केसभर म्हणून हसण्यावारी नेऊ नये. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. प्रत्येक फेरमांडणीत तिसऱ्या दशांशस्थळापुढचे अंक नुसते छाटले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो सुमारे ५२४ वर घसरला. नीट मांडल्यावर निघाला सुमारे १०९८.

काही कार्यक्रमलेखक आकड्यात आधीच एक अतिसूक्ष्म अंश मिसळतात. लहान रकमांना हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, मोठ्या रकमांत तो अंश विरून जातो. माझ्या मते ही मलमपट्टी आहे. खरा मार्ग जुन्या मुनिमाचा : रुपयाचे तुकडे करूच नयेत, रक्कम पैशांत, जरूर तर पैशाच्या दशांशांत, पूर्ण संख्येने मांडावी. १.००५ म्हणजे १००५ दशांश पैसे. दहाने भागा, बाकी पाच उरते, आणि ती डोळ्यांना दिसते. पूर्ण संख्या ही भाषा सुमारे ९,००७ लाख कोटींपर्यंत बिनचूक धरते. बाजारपेठेला तेवढे पुरावे!

त्या उरलेल्या पाचाचे काय करावे, हे मात्र यंत्राला विचारू नये. १९५७ च्या नियमाने अर्धा गळत असे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात कराची रक्कम रुपयाला आणताना पन्नास पैसे वा अधिक असल्यास पूर्ण रुपया धरतात. कोणता नियम लावायचा, आणि तो बिलाच्या प्रत्येक ओळीला की शेवटच्या बेरजेला, हे कार्यक्रम लिहिणाऱ्याने दुकानदाराला आधी विचारून घ्यावे. त्या दहा वस्तूंचे पाच पैसे तेथेच गळाले होते.