गोठ्यातला मुक्काम, आणि वरची माती

  आजचा भाग मी येडशीतून रेकॉर्ड करतेय. मागे मध्येच ट्रकचे हॉर्न ऐकू येतील. सोलापूर-धुळे हायवे गावाला लागूनच आहे, त्याला माझा इलाज नाही.

आज सांगणार आहे ती आमच्या कोकणातल्या तीन दिवसांची गोष्ट. समुद्राजवळच्या एका गोठ्यात राहिलो होतो. म्हणजे पूर्वी गोठा होता, आता पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात. ही सहल मी सरळ मनाने ठरवली नव्हती, हे आधीच कबूल करते.

झालं असं की आप्पांनी दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकली. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, कडबा महाग, आणि आप्पांचे गुडघे गेलेले. तेव्हापासून आमचा गोठा रिकामा आहे. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर माळवद, आत दगडी गव्हाण. दादाचं म्हणणं, जेसीबी लावू, सपाट करू, रस्त्याच्या कडेला दोन गाळे काढू. माझं म्हणणं, इथे पाहुण्यांसाठी खोल्या करू. येडशीला रामलिंग आहे, घाट आहे, 1997 मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य आहे. श्रावणात तर पाय ठेवायला जागा नसते, पण आलेला माणूस दर्शन घेतो, धबधबा बघतो, माकडांना हुसकावतो आणि संध्याकाळी निघून जातो. राहायचं कुठे? राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. हे सगळं मी दादाला पीपीटी करून दाखवलं. त्याने जांभई दिली.

म्हणून मी मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला, गोठ्याचं केलेलं एक घर शोधून बुक केलं. दादाला प्रत्यक्ष दाखवावं म्हणून. आणि आजीला घेतलं, कारण आजी असली की दादा भांडत नाही. आजीने समुद्र कधी बघितला नव्हता, हे कारण मी सगळ्यांना सांगायला ठेवलं होतं.

बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर. जुनी बार्शी लाईट रेल्वे मिरजेपर्यंत अशीच जायची, अडीच फुटांच्या रुळांवरून. आजी तिच्यात बसलेली आहे आणि ती किती हळू चालायची याचे किस्से तिने कोल्हापूर येईपर्यंत पुरवले. मग राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. घाट उतरताना आजीने डोळे मिटून घेतले ते कणकवली आल्यावर उघडले.

घर बघितल्यावर मी मनात म्हटलं, जिंकलो. जांभ्याच्या लालसर भिंती. हा दगड खाणीतून काढताना बऱ्यापैकी मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होत जातो, म्हणून त्याचे विटांसारखे चौकोनी चिरे कापता येतात. जमीन शेणाने सारवलेली. गव्हाण तशीच ठेवून तिच्यावर गाद्या टाकलेल्या. दावणीचे खुंटे जागेवर होते, त्यांना पाहुण्यांचे टॉवेल लटकत होते. मी दहा मिनिटांत तीन रील काढले.

आजी मात्र दारातच उभी. तिने टॉवेलवाल्या खुंट्याकडे बघितलं आणि मालकीणबाईंना विचारलं, "गुरं कुठं गेली?"

"इकली गो आजी," त्या म्हणाल्या. "बघतलो कोण?"

दोघी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मी रील काढायचं थांबवलं.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. आजी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, पायाखालची वाळू सरकली तशी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बास झालं." समुद्र तेवढाच. खरी गोष्ट रात्रीची आहे.

त्याआधी एक सांगते. आमची आजी घरात झोपत नाही. माझा जन्म व्हायच्या आधीपासून नाही. अंगणात लिंबाच्या झाडाशेजारी पत्र्याचं छप्पर आहे, तिथे तिची बाज. थंडीत तिथेच, मे महिन्यात पत्रा तापतो तेव्हाही तिथेच. भूकंपानंतर हे सुरू झालं, एवढं मला माहीत होतं. शाळेत तारीख पाठ केली होती. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. किल्लारी, सास्तूर. सुमारे दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं दुसरीकडे वसवावी लागली. पाच मार्कांचं उत्तर मला येत होतं. पण ज्या दगडी गोठ्यात मी पाहुण्यांना झोपवायला निघाले होते, त्याच्या शेजारी तीस वर्षं एक बाई उघड्यावर झोपतेय, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्या नाहीत. खरंच नाही आल्या.

तर त्या रात्री मी आजीसाठी बाहेर पडवीत अंथरूण घालायला लागले. आजी म्हणाली, थांब. ती आत गेली. मान वर करून बघत राहिली. वर वासे, त्यावर रिपा, त्यावर मंगलोरी कौलं, आणि एका काचेच्या कौलातून चांदण्याचा तुकडा.

"वर माती न्हाई का?"

मालकीणबाईंना प्रश्नच कळला नाही. छपरावर माती कशाला असेल? तिकडे एवढा पाऊस पडतो की माती दोन दिवसांत वाहून अंगणात येईल.

पण आपल्याकडे असते. ज्यांनी माळवद बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. भिंतींवर लाकडी तुळया, त्यावर कड्या, मग किलच, पालापाचोळा किंवा तुराट्या, आणि वर मातीचा थर. आपल्याकडे पाऊस कमी, ऊन भयंकर, लाकूड महाग. माती ऊन आत येऊ देत नाही, वर मिरच्या वाळवता येतात, उन्हाळ्यात झोपता येतं. मृगाच्या आधी गळती लागू नये म्हणून वर पांढरी माती पसरायची. दरवर्षी थोडी. काढत कुणी नाही, घालतात सगळे. दोन-तीन पिढ्यांत थर दीड-दोन फुटांचा होतो.

हिशेब करा. वीस बाय दहाची खोली, वर दीड फूट माती, म्हणजे तीनशे घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी साडेतेरा टन. तुमच्या उशीच्या वर साडेतेरा टन. तेवढ्याच खोलीवर कौलं घातली तर लाकूड सोडून ती टनभराच्या आसपास भरतात. आणि ज्या भिंतींनी हे वजन पेलायचं त्या कशा? बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना बांधणारा आरपार लांब दगड नसेल तर हादऱ्याने भिंतीला पोट येतं, ती फुटते आणि वरचं सगळं खाली येतं.

आजीने आत अंथरूण घालायला सांगितलं. गव्हाणीला टेकून बसली आणि बोलायला लागली. दादा मोबाईल बघत होता, त्याने तो हळूच पालथा ठेवला.

आजीचं माहेर सास्तूरच्या बाजूचं, हे माहीत होतं. तिची धाकटी बहीण त्या रात्री गेली, हेही माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते तिने त्या रात्री सांगितलं. बहिणीचं घर मोठं, माळवदाचं, गावात नाव असलेलं. गोठा मात्र साधा, चार मेढी आणि वर पाचट. सकाळी आजोबा आणि आजी पोचले तेव्हा घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि पलीकडे पाचटाखाली बैल उभे होते. रवंथ करत.

"माणसं माळवदाखाली, गुरं पाचटाखाली," आजी म्हणाली. "गुरं वाचली."

त्या भागात असं बऱ्याच ठिकाणी झालं. कुडाची, पाल्याची, पत्र्याची हलकी घरं बरीचशी टिकली आणि जाड भिंतींच्या मोठ्या घरांनी माणसं मारली. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात उभ्या राहिलेल्या जुन्या घरांसाठीही सूचना होत्या. छतावरची जादा माती काढा, भिंतींमध्ये आरपार सांधे घाला, खांब आणि तुळई तिरक्या आधाराने जखडा. या गोष्टी करता येतात. आमच्या घरी कुणी केल्या नाहीत. आजी बाहेर झोपायला लागली आणि बाकी सगळे आत झोपत राहिले.

ती बोलता बोलता तिथेच झोपली. कोकणातल्या एका गोठ्यात, छताखाली, दगडी भिंतींच्या आत. बाहेर समुद्राची गाज चालू होती. सकाळी तिला विचारलं, झोप लागली का? म्हणाली, "रातभर मालगाडी चालल्यागत वाटत हुतं. पण लागली."

आता कुणी म्हणेल, मग कोकणातली घरं सुरक्षित. तसं काही नाही. 1967 च्या डिसेंबरमध्ये कोयनेचा भूकंप झाला तो सह्याद्रीतच. शिवाय हलक्या छपराचं दुखणं वेगळं असतं. मालकीणबाई सांगत होत्या की 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा अर्धी कौलं माडांमध्ये जाऊन पडली. वजन असलं की खाली येतं, नसलं की उडून जातं. प्रत्येक प्रदेशाने आपापली भीती निवडलेली आहे म्हणा ना.

परतीच्या वाटेवर दादा गाळ्यांबद्दल बोलला नाही आणि मी खोल्यांबद्दल. सांगोल्याच्या पुढे आजीच मागच्या सीटवरून म्हणाली, "पाडा का ठेवा, तुमचं तुम्ही बघा. वरची माती आदी उतरवा."

माती उतरवायला चार माणसं आणि सहा दिवस लागले. गोठा आमच्या हिशेबातल्या खोलीपेक्षा मोठा, त्यामुळे किती ट्रॉल्या निघाल्या ते विचारू नका. आप्पा शेवटपर्यंत कुरकुरत होते की आता उन्हाळ्यात आत बसवणार नाही, आणि त्यात तथ्य आहे. थरांमध्ये वेगवेगळे रंग दिसत होते, खाली काळपट, वर पांढरट. एका थरात आप्पांची लहानपणीची काचेची गोटी सापडली, निदान त्यांचं म्हणणं तसं आहे. भिंती बघायला बार्शीहून इंजिनिअर आले. एका कोपऱ्याला पोट आलेलंच होतं. तो कोपरा पाडून पुन्हा बांधायचा, बाकीच्या भिंतींना आरपार सांधे घालायचे आणि वर पत्रा, त्याखाली उन्हासाठी काहीतरी. खर्च माझ्या पीपीटीत होता त्याच्या दुप्पट.

खोल्या होतील की गाळे, अजून ठरलेलं नाही. दादा हल्ली म्हणतो, एक गाळा आणि एक खोली. गव्हाण ठेवायची यावर दोघांचं एकमत आहे. दरम्यान माती उतरवल्यावर आप्पांनी राहत्या घराच्या माळवदाचीही मोजणी केली. पावणेदोन फूट भरली. दिवाळीनंतर तीही उतरवायची आहे. तोपर्यंत आप्पांची बाज आजीच्या शेजारी, लिंबाखाली आली आहे.